चि. कडून जमा

गेल्या महिन्यात मुलाच्या गाडीतून कोल्हापूरहून पुण्याला निघालो होतो. गाडी तोच चालवत होता. पेठ नाका मागे पडेपर्यंत आमचे नेहमीचेच बोलणे चालले होते, म्हणजे त्याच्या आईचा गुडघा आणि लांबलेला पाऊस. कराडचा पूल ओलांडताना तो समोर बघतच म्हणाला, "बाबा, ते ऑफसेट मशीन आता काढून टाका. पत्रिका कोण छापतंय हल्ली? लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात." त्याच्या सुरात काळजी होती, हे मला आज कळते. त्या वेळी मी "बघू" एवढेच म्हणालो. आमच्या घरात "बघू" म्हणजे विषय संपला, हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक आहे. उंब्रज येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. मग त्याने फोनवर गाणी लावली. प्रवासासाठी त्याने मुद्दाम माझ्या आवडीची एक यादी करून ठेवली होती, १९९० च्या आगेमागेच्या इंग्रजी गाण्यांची. तिसरे की चौथे गाणे सुरू झाले आणि पहिल्या दोन सुरांतच मी ते ओळखले. माइक अँड द मेकॅनिक्स या इंग्लिश बँडचे 'द लिव्हिंग इयर्स'. मी डोळे मिटून घेतले. दोन कडवी झाली, धृपद झाले, पुन्हा कडवी, पुन्हा धृपद, आणि जिथे गाण्यातला मुलगा वडील गेले त्या सकाळविषयी सांगू लागतो, नेमके तिथे येण्याआधी माझ्या मुलाने बोट लावून पुढचे गाणे लावले. "फार रडकं आहे हे," तो सहज म्हणाला.

"थांब! पुरं होऊ दे ते!"

मी ओरडलो. गाडीच्या काचा बंद होत्या, त्यामुळे तो आवाज मला स्वतःलाच फार मोठा ऐकू आला, आणि तो माझा नव्हता. छापखान्याच्या मागच्या खोलीतून, ट्रेडलच्या, म्हणजे जुन्या छपाईयंत्राच्या, खडखडाटावरून ऐकू येणारा तो अण्णांचा, माझ्या वडिलांचा, आवाज होता. मुलगा "सॉरी" म्हणाला आणि त्याने गाणीच बंद केली. सातारा गेले, सुरूर गेले. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा टायरांचा घुमणारा आवाज तेवढा आमच्या दोघांमध्ये होता. एका गाण्यासाठी मी त्याच्यावर ओरडलो नव्हतो, हे मला तेव्हाही कळत होते आणि त्यालाही कळत असणार. पण दोघांपैकी कोणीही ते बोलले नाही. पुण्यात उतरताना त्याने माझी पिशवी उचलून दिली. मी "जपून जा" म्हणालो. त्या दिवसापासून ते अर्धवट राहिलेले गाणे माझ्या डोक्यातून जात नाही.

हे गाणे मी प्रथम ऐकले ते १९९० साली, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मित्राच्या घरी. आम्ही दोघे पॉलिटेक्निकला होतो. त्याच्या मुंबईच्या आतेभावाने एक कॅसेट भरून दिली होती आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, शेवटी, हे गाणे होते. त्या काळात इंग्रजी गाणे ऐकणे हे आमच्यासाठी जवळजवळ अभ्यासाचे काम असे. मित्र वही घेऊन बसायचा, मी बटण दाबायचो, एक ओळ झाली की थांबवायचो, मागे न्यायचो, पुन्हा ऐकायचो. फीत सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची. अशा रीतीने आम्ही ते गाणे जवळजवळ पुरे उतरवून काढले, पण त्याचे नावच चुकीचे ऐकले. आमच्या मराठी माध्यमाच्या कानांना इंग्रजीतला ऱ्हस्व आणि दीर्घ इकार वेगळा कळत नसे. आम्हाला ते 'लीव्हिंग इयर्स' वाटले, सोडून जाण्याची वर्षे. घर सोडून निघालेल्या मुलाचे गाणे आहे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती आणि तेव्हा मला घर सोडायचेच होते, त्यामुळे ती समजूत मला सोयीचीही होती. खरा अर्थ कळला तेव्हा त्याला मराठी शब्द सापडेना. 'जगण्याची वर्षे' हे बरोबर असूनही बरोबर वाटत नव्हते. तो शब्द मला आमच्याच छापखान्यात, एका नमुन्याच्या कागदावर मिळाला. निवृत्त लोकांना बँकेत दर नोव्हेंबरला द्यावे लागणारे दाखले आमच्याकडे छपाईला येत. त्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत असे, 'हयातीचा दाखला'. हयात. वडिलांच्या हयातीत. त्या गाण्याला याहून नेमका शब्द माझ्याजवळ नाही.

अण्णांचा छापखाना शिवाजी पेठेत, घराच्या तळमजल्यावर होता. दोन ट्रेडल, एक कटिंग मशीन, आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, कप्पेदार केस ठेवायचे घोडे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डे, ही रोजची कामे. अण्णा मालक होते तरी स्वतः जुळारीच, म्हणजे खिळे जुळवणारेच, होते. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत बसवायची पट्टी, उजव्या हाताने केसमधून खिळा उचलायचा, बोटाला त्याची खाच लागली की बाजू कळते, मग तो स्टिकमध्ये बसवून अंगठ्याने दाबून धरायचा. त्यांचे डोळे मूळ मजकुरावर असायचे आणि हात आपोआप केसकडे जायचा. देवनागरीचे खिळे जुळवणे इंग्रजीपेक्षा कितीतरी कष्टाचे, कारण काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे, या सगळ्यांचे घर वेगळे. जुळवलेला मजकूर ते उलट्या, आरशातल्यासारख्या अक्षरांत झरझर वाचत. छपाई झाली की रॉकेलने पुसून त्याच खिळ्यांची सोडणी करायची, म्हणजे एकेक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकायचा. लहानपणी मला ती सोडणी करायला बसवत. बोटे काळी होत आणि रॉकेलचा वास जेवतानाही जात नसे. मला त्या वासाचा राग होता. आता एखाद्या जुन्या गॅरेजसमोरून जाताना तसा वास आला तर मी चालणे मंद करतो.

१९९२ साली मी अण्णांना म्हणालो की संगणक घेऊ, लेझर प्रिंटर घेऊ, बँक कर्ज देते. गावात दोन-तीन ठिकाणी डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, सुरू झाले होते आणि आमची गिऱ्हाइके तिकडे जाऊ लागली होती. अण्णा नको म्हणाले. मी पुढची दोन वर्षे जगाला सांगत होतो की आमचे वडील जुन्या विचारांचे आहेत, त्यांना बदल नको असतो. आज त्यांचे बोलणे आठवतो तेव्हा ते मला वेगळे ऐकू येते. ते म्हणाले होते, "हे यंत्र पाच वर्षांत जुनं होईल, मग पुन्हा कर्ज काढशील. खिळा झिजला तर वितळवून परत ओतता येतो. त्याला कर्ज लागत नाही." त्यांचे हे म्हणणे खरे निघाले. मी घेतलेला पहिला संगणक चार वर्षांत भंगारात गेला, त्यानंतरचा त्याहूनही लवकर. पण माझेही खरे होते. संगणक घेतला नसता तर छापखाना १९९५ च्या पुढे गेला नसता. दोघेही बरोबर होतो, आणि ही गोष्ट त्या दोन वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचली नाही. त्या गाण्यात बाप आणि मुलगा असेच आहेत. एकाला जे अगदी सरळ दिसते ते दुसऱ्याला दिसतच नाही, आणि दोघेही बोलतात ते स्वतःला वाचवण्यासाठी. आणखी एक प्रतिमा त्यात आहे, चुरगळलेल्या कागदांची, ज्यांवर अर्धवट राहिलेले विचार लिहिलेले आहेत. पहिल्यांदा ती ओळ वहीत उतरवून घेतली तेव्हा आमच्या प्रुफांची, म्हणजे चुका तपासायला काढलेल्या प्रतींची, टोपली माझ्या डोळ्यांसमोर आली होती.

१९९४ च्या आषाढात अण्णा पंढरीच्या वारीला गेले. दरवर्षी जात. तेवढ्या दिवसांत मी भंगारवाल्याला बोलावले आणि सगळे खिळे विकून टाकले. तीनशे चाळीस किलो भरले. भंगारवाल्याची माणसे केस उचलून पोत्यात उपडी करत होती, आणि काना, मात्रा, जोडाक्षरे, ज्यांची घरे लावण्यात अण्णांची चाळीस वर्षे गेली होती, ती सगळी एकमेकांत मिसळून पोत्यात पडत होती. त्याचा आवाज पावसाळी गारांसारखा होता. मला तेव्हा वाईट वाटले नाही. खोटे कशाला लिहू, मला सुटल्यासारखे वाटले. पोस्टरसाठी वापरायची मोठी लाकडी अक्षरे तेवढी राहिली, कारण भंगारवाल्याला लाकूड नको होते. पैसे आणि वजनाची चिठ्ठी मी गल्ल्यात ठेवली. अण्णा परत आले, गळ्यातली तुळशीमाळ काढता काढता मागच्या खोलीत गेले, रिकामे घोडे पाहिले, नळावर हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "चहा टाक." मला त्यांनी काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही. त्या दिवसापासून त्यांचे माझ्याशी बोलणे आईमार्फत सुरू झाले. "त्याला म्हणावं, वीजबिलाची तारीख उद्याची आहे." "त्यांना सांग, भरलंय." ताटांच्या एकाच ओळीत बसून आम्ही हे बोलत असू, आणि आई भाकरी वाढता वाढता दोन्हीकडचे निरोप पोहोचवत असे. बाहेरून येणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नसे, कारण आमच्याकडे बहुतेक घरांत बाप-लेक असेच बोलतात.

या गाण्यामागेही मुलगेच आहेत, तीन मुलगे, आणि तिघांच्या गोष्टी एकसारख्या नाहीत, हे मला फार उशिरा कळले. माइक रदरफर्ड हा जेनेसिस या इंग्लिश बँडमधला वादक, माइक अँड द मेकॅनिक्स हा त्यानेच काढलेला दुसरा बँड. त्याचे वडील ब्रिटिश नौदलात कॅप्टन होते, दुसऱ्या महायुद्धातून आलेले. शिस्तीत आयुष्य काढलेला बाप आणि शाळेतल्या मित्रांबरोबर बँड काढणारा, केस वाढवून गिटार वाजवणारा मुलगा. वडील गेले तेव्हा, १९८६ साली, तो बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. दुसरा बी. ए. रॉबर्टसन हा स्कॉटिश गीतकार. त्याचेही वडील त्याच सुमारास गेले आणि थोड्याच महिन्यांत त्याला मुलगा झाला. गाण्याचे शब्द मुख्यतः त्याचे आहेत. शेवटच्या कडव्यात वडिलांच्या जाण्यानंतर नवजात बाळाच्या रडण्यात त्यांचा प्रतिध्वनी ऐकू येतो, ते त्याच्या घरी घडलेले आहे. १९८८ च्या अखेरीस गाणे बाहेर आले, इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, मार्च १९८९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, त्याला गीतकार-संगीतकारांसाठीचा आयव्हर नॉव्हेलो पुरस्कारही मिळाला. पण मला त्या यशापेक्षा एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांना एकमेकांच्या वडिलांविषयी फारसे काही माहीत असण्याचे कारण नव्हते, असे दोघे एका खोलीत बसले आणि त्यांना आपापले न बोललेले एकाच चालीत बसवता आले. बापाशी जे बोलता येत नाही ते मित्राशी बोलता येते. कॅसेट मागेपुढे करत बसलेल्या आम्हा दोघांचेही तेच चालले होते.

तिसरा मुलगा म्हणजे गायक. पॉल कॅरॅक हा शेफील्डचा, आणि त्याचे वडील तो अकरा वर्षांचा असताना गेले होते. हे मी वाचले तेव्हा वाचता वाचता थांबलो, कारण मला राजारामपुरीतली ती खोली आठवली. मित्राचे वडील तो आठवीत असताना वारले होते. एका संध्याकाळी गाणे ऐकून झाल्यावर मी अण्णांविषयी तक्रारी करत होतो, ते मला समजून घेत नाहीत, काही करू देत नाहीत, वगैरे. तो वही मिटत म्हणाला, "तुला भांडायला बाप तरी आहे." त्याने ते चिडून म्हटले नव्हते. मी उत्तर दिले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याचा अर्थही तेव्हा माझ्यापर्यंत पोहोचला नाही. भांडणाविषयीचे हे गाणे ज्याने गायले, त्याला भांडायची संधीच मिळाली नव्हती. वयात आल्यावर बापासमोर उभे राहून "तुमचं चुकतंय" म्हणणे, ही त्याच्या वाट्याला न आलेली गोष्ट. म्हणूनच त्याच्या आवाजात रडणे नाही असे मला वाटते. तो एकेक शब्द नीट ठेवत गातो, दुसऱ्याच्या घरची जपून हाताळायची वस्तू असावी तसा. दुसरा कोणी असता तर हे गाणे चिंब करून टाकले असते. आणि शेवटी जे शाळकरी मुलांचे वृंदगान येते, ते मला तरुणपणी सजावट वाटायचे. आता ते ऐकवत नाही. ज्यांचे अजून आईवडिलांशी काहीही बिनसलेले नाही अशी ती मुले, आणि त्यांच्या तोंडी मेलेल्या बापाविषयीचे शब्द.

पुष्कळ जण हे गाणे 'वेळ आहे तोवर आईवडिलांना सांगा की तुमचे त्यांच्यावर प्रेम आहे' अशा अर्थाने ऐकतात आणि एकमेकांना पाठवतात. मला ते पटत नाही. प्रेमाचे शब्द अण्णांसमोर मराठीत उच्चारता आले असते असे मला वाटत नाही. "अण्णा, माझं तुमच्यावर प्रेम आहे" असे मी म्हणालो असतो तर त्यांनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले असते, आणि मलाही ते वाक्य परक्या घरातून उसने आणल्यासारखे वाटले असते. गाणेही मला तसे मागत नाही. ते एवढेच म्हणते की मत जुळो वा न जुळो, बोला, आणि नुसते कानावर पडू देऊ नका, ऐका. मला जे म्हणायचे होते ते प्रेमाहून लहान होते. "अण्णा, मी विचारायला हवं होतं." फक्त पाच शब्द. खिळे विकले याचा मला आजही पश्चात्ताप नाही, विकावे लागलेच असते. न विचारता, ते वारीला गेलेले बघून विकले, याचा आहे. ते पाच शब्द म्हणायला मला पंधरा वर्षे मिळाली होती.

कारण त्यानंतरची पंधरा वर्षे अण्णा माझ्याच छापखान्यात बसून प्रुफे तपासत होते. त्यांनी संगणकाला कधी हात लावला नाही, पण त्यातून निघालेला प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. मी संध्याकाळी प्रती त्यांच्या टेबलावर ठेवायचो आणि सकाळी त्या माझ्या टेबलावर येऊन पडलेल्या असायच्या, लाल शाईच्या खुणांनी भरलेल्या. ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेला काना, चुकलेला शब्दक्रम. कधी समासात एखादा शब्द असे, 'पुन्हा पाहा'. कधी नुसतेच प्रश्नचिन्ह. मी दुरुस्त करून पुन्हा ठेवायचो, त्यावर बरोबरची खूण होऊन कागद परत यायचा. आईच्या निरोपांपलीकडे आमच्यात एवढेच दळणवळण होते. माणसाशी बोलणे म्हणजे काय, हा प्रश्न मी अलीकडे स्वतःला विचारतो तेव्हा ती लाल शाई मध्ये येते. त्या खुणांत राग होता का? मला एकही खूण रागाची आठवत नाही. माझ्या हातून चूक बाहेर जाऊ नये, एवढी काळजी त्यात होती. पण ती मी तेव्हा काळजी म्हणून वाचली नाही, काम म्हणून वाचली.

माझा मुलगा २००० साली जन्मला. त्याच्याशी मात्र अण्णा बोलत, तासन्‌तास बोलत. त्या उरलेल्या लाकडी अक्षरांची पेटी त्यांनी त्याच्यापुढे ओतली होती आणि त्यांवरून तो अक्षरे शिकला, म्हणजे उलटी शिकला. बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलगा 'क' आणि 'म' आरशातले काढतो, त्याच्याकडे लक्ष द्या. अण्णांनी ती चिठ्ठी वाचली आणि मला आठवते तेव्हापासून पहिल्यांदा ते मोठ्याने हसले. गाण्यातले ते बाळाच्या रडण्याचे कडवे मला याच जागी थोडे अपुरे वाटते. नातवात आजोबा परत भेटतात आणि मुलाचे ओझे हलके होते, असे काहीसे त्यात सुचवलेले आहे. माझे तसे झाले नाही. नातवाशी बोलणाऱ्या अण्णांना दारात उभे राहून ऐकताना मला आनंदही होई आणि हेवाही वाटे. मुलाचा हेवा. तीस-पस्तीस वर्षांच्या बापाने आपल्या चार वर्षांच्या मुलाचा हेवा करावा, हे लिहितानाही मला जड जाते आहे.

२००९ च्या श्रावणात, एका सकाळी, अण्णा गेले. गाण्यातला मुलगा त्या सकाळी तिथे नसतो. रदरफर्ड तर समुद्रापलीकडे होता. मी खालच्या मजल्यावर होतो, चौदा पायऱ्या खाली. एका शाळेचे काम द्यायचे होते म्हणून मी सहालाच संगणकासमोर बसलो होतो. आईने वरून हाक मारली, ती मला प्रिंटरच्या आवाजात ऐकू आली नाही. दुसरी ऐकू आली. उत्तरकार्याचे कार्ड मी स्वतःच जुळवले. संगणकावर जुळवणे म्हणतात का हे मला माहीत नाही, पण मी तोच शब्द वापरतो. नावाआधी 'कै.' टाइप केले आणि प्रत काढून सवयीने त्यांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी ती तशीच होती. कार्डे वाटून झाल्यावर लक्षात आले की 'उत्तरकार्य' मधला एक रफार चुकीच्या अक्षरावर पडला आहे. आलेल्या लोकांपैकी कोणी काही म्हणाले नाही.

रदरफर्डला वडिलांच्या पश्चात त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी मिळाल्या. त्या अप्रकाशित पानांतले उतारे त्याने २०१४ साली आपल्या आत्मकथनात आपल्या आठवणींच्या शेजारी छापले, आणि पुस्तकाला याच गाण्याचे नाव दिले. बाप जिवंत असताना ज्याच्याशी मोकळे बोलता आले नाही त्याला आपल्या पुस्तकात शेजारी बसवणे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते, आणि मी त्याचा हेवा न करण्याचा प्रयत्न करतो. अण्णांनी आठवणी लिहिल्या नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मला मिळाल्या त्या छापखान्याच्या खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लाल कापडी बांधणीच्या, एका वर्षाला एक. १९९४ ची वही मी मुद्दाम शोधून काढली. वारीहून परतल्याच्या तारखेला, त्यांच्या त्या एकसारख्या, खिळ्याने छापल्यासारख्या अक्षरात नोंद होती. 'चि. कडून जमा. जुने खिळे, ३४० किलो.' आणि पुढे रक्कम. बाकी काही नाही. एक शब्दही नाही.

चि.

मी त्या वहीची पुढची-मागची सगळी पाने पाहिली, आधीच्या आणि नंतरच्या वह्याही पाहिल्या. माझी फी, माझी सायकल, मला दिलेले आणि माझ्याकडून आलेले पैसे, सगळीकडे माझे नुसते नाव आहे. 'चि.' त्या एकाच ठिकाणी आहे, आणि तिथे नाव नाही. अण्णांच्या हाताने ही अक्षरे हजारो वेळा जुळवली असतील. लग्नसराईत 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' लागतात म्हणून ती आधीच जुळवून एका गॅलीत, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकात, बाजूला ठेवलेली असत. तेव्हा ती नुसती हाताची सवय असेल. किंवा असेही असेल की त्या दिवशी त्यांनी मला पत्रिकेतल्या परक्या मुलासारखे लांब नेऊन ठेवले, नाव घेण्याइतकाही जवळ ठेवला नाही. किंवा हातपाय धुऊन, चहा घेऊन, रिकाम्या घोड्यांसमोर बसून त्यांनी मला चिरंजीव म्हटले. मी प्रत्येक वेळी वही उघडतो तेव्हा मला यातला वेगळा अर्थ खरा वाटतो. त्यांच्या हयातीत एकदा विचारले असते तर कदाचित ते म्हणाले असते, "असंच लिहिलं." मग तो अर्थ कायमचा तेवढाच राहिला असता. पण विचारले तर असते.

मुलाने मशीन काढून टाका म्हटले तेव्हा मला राग आला तो या वहीमुळे, हे मला बोगदा ओलांडल्यावर कळले. त्याने मला विचारले होते. मी वारीला गेल्याचे बघून त्याने काही विकले नव्हते, गाडी चालवताना, समोर बघत का होईना, तोंडाने विचारले होते. जे मला जमले नाही ते त्याने केले होते, आणि मी त्याला "बघू" म्हणालो होतो. त्याला खिळ्यांची गोष्ट माहीत नाही. आजोबांकडे पूर्वी खिळे होते आणि नंतर संगणक आला, एवढेच त्याला माहीत आहे, कारण मी त्याला तेवढेच सांगितले आहे.

परवा रविवारी रात्री मी त्याला फोन केला. आधी आईने बोलायचे आणि मग "बाबांना देते" म्हणून मला द्यायचा, अशी आमची रीत आहे. त्या दिवशी मीच केला, म्हणून तो जरा घाबरला. "काय झालं? सगळं ठीक आहे ना?" मागे त्याच्या कळफलकाची टकटक ऐकू येत होती. मी म्हणालो, सगळे ठीक आहे, तुझ्याशी थोडे बोलायचे होते. "मशीनबद्दल का?" तो सावधपणे म्हणाला. मी म्हणालो, मशीनबद्दलही बोलू, पण आधी आजोबांच्या खिळ्यांबद्दल सांगायचे आहे, वेळ आहे का तुला. टकटक थांबली.

"थांबा बाबा, लॅपटॉप बंद करतो," तो म्हणाला, आणि झाकण मिटल्याचा बारीक आवाज मला फोनवर ऐकू आला.